गजन पिनचं लॉक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लहान इंजिनांच्या बोअर-पिस्टनच्या कामावर या सदरात लिहिल्यापासून जी पत्रं आली, त्यातली निम्मी-अधिक एकाच बारक्या भागाबद्दल आहेत : गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी पिन) पिस्टनमध्ये जागेवर धरून ठेवणारं तारेचं लॉक. कोणी त्याला सर्क्लिप म्हणतं, कोणी पिन लॉक, कोणी नुसतं लॉक. पिस्टन किटच्या डब्यात सगळ्यात हलकी आणि स्वस्त वस्तू हीच. म्हणूनच तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि ती निसटली की ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर), पिस्टन आणि कधीकधी क्रँकही जातो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : यामाहा आरएक्स १०० पूर्ण खोलून पुन्हा बांधतो आहे. एक मिस्त्री म्हणतात लॉकचं तोंड वर ठेवा, दुसरे म्हणतात खाली. आडवं राहिलं तर खरंच काही बिघडतं का? (सातारा)

दोन्ही मिस्त्री बरोबर आहेत. आडवं मात्र ठेवू नका.

आधी 'वर' आणि 'खाली' म्हणजे काय ते ठरवू. तोंड म्हणजे तारेच्या दोन टोकांमधली मोकळी जागा. वर म्हणजे पिस्टनच्या डोक्याकडे, खाली म्हणजे स्कर्टकडे, पिस्टनच्या खालच्या काठाकडे. आकाश आणि जमीन यांचा इथे संबंध नाही. आरएक्सचा ब्लॉक बऱ्यापैकी उभा असल्यानं तुमचा गोंधळ होणार नाही. पण स्प्लेंडरसारख्या गाडीत ब्लॉक जवळजवळ आडवा झोपलेला असतो. तिथे गाडी स्टँडवर असताना लॉकचं तोंड 'खाली' म्हणजे जमिनीकडे केलं, की ते नेमकं नको त्या दिशेला गेलं. गाडीकडे न पाहता पिस्टनकडे पाहून दिशा ठरवायची.

आता कारण. आरएक्सचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव) ५० मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या २५ मिमी. इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर असताना पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. कनेक्टिंग रॉडची लांबी त्रिज्येच्या चौपट धरली, तर वरच्या टोकाला प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १९०० ते २००० पट येतो आणि खालच्या टोकाला साधारण ११०० ते १२०० पट. पाव ग्रॅम वजनाची तार वरच्या टोकाला अर्धा किलोची असल्यासारखी वागते. हा झटका कायम पिस्टनच्या येण्या-जाण्याच्या रेषेत बसतो.

लॉकचं तोंड त्या रेषेत असेल, तर झटका दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो आणि तार पिनच्या भोकातल्या खोबणीला टेकून राहते. तोंड आडवं असेल तर लॉकचा एक पाय वर येतो, एक खाली. मग प्रत्येक झटक्याला एक पाय दुसऱ्याकडे ढकलला जातो, म्हणजे आपण पकडीनं लॉक मिटवतो तीच क्रिया इंजिन स्वतः सेकंदाला शेकडो वेळा करू लागतं. लॉक खोबणीत फिरायला लागतं, खोबणीची कड झिजते, आणि एक दिवस बाहेर येतं.

डोक्याकडे की स्कर्टकडे, यात आमचा कल किंचित डोक्याकडे आहे, कारण मोठा झटका वरच्या टोकाला बसतो आणि त्या वेळी मोकळी टोकं खोबणीतच दाबली जातात. पण हा फरक बारीक आहे. मॅन्युअलमध्ये एक दिशा दिली असेल तर तीच पाळा. शिवाय पिनच्या भोकाच्या काठाला लॉक काढण्यासाठी एक छोटी खाच असते. लॉकचं तोंड त्या खाचेसमोर येता कामा नये, कारण तिथे तारेच्या टोकाला टेकायला धातूच नसतो. खाच स्कर्टकडे असेल तर तोंड डोक्याकडे करा, इतकं साधं.

प्रश्न : आमच्याकडे आंबा-काजूच्या बागांत चालणारे ५२ सीसीचे ब्रश कटर दुरुस्तीला येतात. पिस्टन बदलताना दुसरं लॉक बसवणं जिवावर येतं. उडून जातं, नाहीतर अर्धवट बसतं. नेमकी पद्धत सांगाल का? (दापोली)

तुमच्या पत्रातला 'दुसरं' हा शब्द वाचून बरं वाटलं, कारण पहिलं लॉक तुम्ही टेबलावरच बसवता हे त्यातून दिसतं. जे तसं करत नाहीत त्यांच्यासाठी : दोन्ही लॉक इंजिनावर बसवायची काहीच गरज नाही. पिस्टन हातात असताना एका बाजूचं लॉक आरामात, नीट उजेडात बसवा. इंजिनावर फक्त एकच उरतं. ते कोणत्या बाजूला उरेल हेही आधी ठरवा, तुमचा उजवा हात मोकळेपणानं पोचेल त्या बाजूला.

टेबलावर आणखी दोन कामं करायची. नवीन पिस्टन असला तरी खोबण बारीक सुईनं साफ करा. तिच्यात मशीनिंगची बुरी (धातूची उठलेली बारीक धार) किंवा भुकटी असते, जुन्या पिस्टनमध्ये कार्बन असतो, आणि कार्बनवर बसलेलं लॉक वरून बसल्यासारखं दिसतं पण अर्धंच आत असतं. दुसरं काम पिस्टनवरचा बाण पाहण्याचं. दोन स्ट्रोकमध्ये तो सायलेन्सरच्या, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला. रिंगची टोकं खोबणीतल्या छोट्या खुंटीवर येतात ना, तेही पाहून घ्या. पिस्टन उलटा बसला तर रिंगची टोकं पोर्टमध्ये अडकून तुटतात आणि दोष मात्र लॉकवर येतो.

मग चेंबरचं, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या घराचं, तोंड कापडानं बंद करा. पॅकिंग आधीच ठेवलं असेल तर कापड त्याच्यावरून घ्या. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे बेअरिंगमध्ये जातात. जुन्या सुती कपड्याचा धुतलेला, मोठा तुकडा घ्या, रॉडच्या भोवती गुंडाळून सगळीकडून दाबा आणि त्याचं एक टोक ठळक बाहेर लोंबत ठेवा.

निडल बेअरिंगला टू-टी ऑइल लावून रॉडच्या लहान डोळ्यात घाला. काही मॉडेलांत बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात. खोलताना ते पिस्टनला चिकटून निघतात आणि कचऱ्यात जातात. ते नसतील तर पिस्टन बाजूला सरकत राहतो आणि लॉकवर नको तो दाब येतो. खोलण्याआधीच मोजून ठेवलेले बरे.

पिन अंगठ्यानं दाबत न्या, ती आतल्या लॉकला टेकेपर्यंत. समोरची पूर्ण खोबण उघडी दिसली पाहिजे. पिन खोबणीच्या आत गेलेली नसेल तर पुढे जाऊच नका, लॉक बसणार नाही.

आता डोळ्यांवर चष्मा. ही तार उडाली तर थेट चेहऱ्याकडे येते. लॉकमधून अर्धा मीटर शिवणाचा मजबूत दोरा ओवून घ्या आणि दोऱ्याची दोन्ही टोकं हातात नाहीतर पकडीखाली धरा. उडालं तर दोऱ्यावर लटकेल आणि बसलं की एक टोक सोडून दोरा ओढून काढता येतो. दोरा जमत नसेल तर इंजिनाचा वरचा भाग आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून काम करा. दिसायला विचित्र, पण लॉक पिशवीतच राहतं.

शेपूट (धरण्यासाठी बाहेर वळवलेलं तारेचं टोक) नसलेलं साधं लॉक असेल तर त्याचं एक टोक खोबणीत ठेवा, खाचेपासून जरा दूर. डाव्या अंगठ्यानं ते टोक तिथेच दाबून धरा, हा अंगठा शेवटपर्यंत उचलायचा नाही. उजव्या हातात पितळी पट्टी किंवा कड घासून गुळगुळीत केलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोकापासून सुरुवात करून गोलाईनं थोडं थोडं आत दाबत जा. शेवटचं टोक 'टक्' आवाज करून आत जातं. लॉक सगळीकडून एकदम मिटवून आत ढकलण्याचा मोह टाळा. गरजेपेक्षा जास्त मिटवलेली तार परत पूर्ण उघडत नाही, आणि मग ती बसते पण ताणाशिवाय. शेपटीचं लॉक असेल तर शेपूट नोज प्लायरनं धरा, मोकळं टोक आधी खोबणीत घाला, तिथे अंगठा ठेवा आणि शेपटीकडची बाजू वळवत आत दाबा.

बसलं असं वाटल्यावर तीन गोष्टी तपासा. टॉर्च मारून पूर्ण गोलाई पाहा : तार सगळीकडे सारखीच आत बुडलेली हवी. एका जागी जरा जास्त दिसत असेल तर तिथे ती खोबणीच्या काठावर उभी आहे. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरनं लॉक खोबणीत फिरवून पाहा. जोर लावल्यावर फिरावं. अजिबात फिरत नसेल तर अडकलेलं आहे, आणि बोट लागताच फिरत असेल तर त्यात ताण नाही, फेकून द्या. शेवटी पिनला दुसऱ्या बाजूनं लाकडी काडीनं ढकलून या लॉकवर टेकवा आणि पुन्हा टॉर्च मारा. तोंडाची दिशा सगळ्यात शेवटी लावायची.

कापड काढून मोजलेल्या सगळ्या वस्तू जागेवर आहेत का पाहिल्याशिवाय ब्लॉक चढवू नका.

महिन्याला बरीच इंजिनं करत असाल तर लेथवाल्याकडून एक हत्यार बनवून घ्या : आतून निमुळती होत पिनच्या मापाला येणारी नळी, आणि तिच्यात सरकणारी, पिनपेक्षा किंचित बारीक दांडी. लॉक नळीच्या रुंद तोंडात टाकायचं, नळी पिनच्या भोकावर दाबून धरायची आणि दांडीनं ढकलायचं. लॉक मिटत जाऊन खोबणीत उघडतं, आणि दर वेळी सारखंच मिटतं.

ब्रश कटर लहान म्हणून हे सगळं हलक्यात घेऊ नका. ५२ सीसीच्या या इंजिनांचा बोअर ४४ आणि स्ट्रोक ३४ मिमी असतो. मिनिटाला ९००० फेऱ्यांना त्याच्या लॉकवर येणारा झटका वरच्या आरएक्सइतकाच निघतो.

प्रश्न : फक्त रिंगा बदलायच्या आहेत. पिस्टन आणि पिन चांगली आहे. जुनी लॉक पुन्हा वापरू का? (परभणी)

नाही. काढताना लॉक आतल्या बाजूला वाकवावंच लागतं आणि तेवढ्यानं त्याचा ताण कमी होतो, डोळ्यांना दिसत नसलं तरी. काही रुपयांची वस्तू आहे. दुकानदार सुटं लॉक देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न : पिन पिस्टनमध्ये जातच नाही. गॅरेजमधला पोरगा हातोडी घेतो. हे चालतं का? (इचलकरंजी)

हातोडीचा घाव पिनवर पडतो, पण तो शेवटी रॉडला जातो. रॉड एका बाजूला किंचित झुकला तर पुढच्या प्रश्नात दिलेली सगळी दुखणी सुरू होतात, आणि दोन स्ट्रोकमध्ये जोडून बनवलेला क्रँकही हलू शकतो.

पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि पिन पोलादाची. तेवढ्याच उष्णतेनं ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १४ मिमीच्या भोकात पिस्टन ५० अंश सेल्सिअसनं तापवला की भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जरा जास्तच उघडतं. ऐकायला नगण्य, पण अडलेली पिन अंगठ्यानं सरकायला एवढं पुरतं. हॉट एअर गननं किंवा उकळत्या पाण्यात बुडवून पिस्टन ६०-८० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा मार्ग घेतलात तर लगेच पुसून कोरडा करून तेल लावा. गॅस टॉर्चची ज्योत वापरू नका, पिस्टन एका जागी जास्त तापून वाकडा होतो, आणि गॅरेजमध्ये आजूबाजूला पेट्रोल असतंच.

तापवूनही जात नसेल तर हात थांबवा आणि मायक्रोमीटर घ्या. एकतर पिन दुसऱ्या मापाची आहे, नाहीतर भोकाच्या काठाला जुन्या लॉकनं उठवलेली बुरी आहे. बुरी असेल तर बारीक पॉलिश पेपरनं फक्त काठ मोडा, भोकाला हात लावू नका.

प्रश्न : जुन्या दोन स्ट्रोक स्कूटरचं लॉक सुटून ब्लॉकला खोल रेघ पडली. बोअर करून नवा किट टाकला, नवी लॉक टाकली. हजार किलोमीटरच्या आत पुन्हा त्याच बाजूचं लॉक सुटलं. लॉक खराब येतात का? (नागपूर)

'पुन्हा त्याच बाजूचं' या तुमच्या तीन शब्दांत निदान आहे. दोन वेगवेगळी लॉक एकाच बाजूला सुटली तर लॉकपेक्षा त्या बाजूला ढकलणाऱ्या गोष्टीचा शोध घ्यायचा.

लॉकचं काम खरं तर फार थोडं आहे. पिन मधे तरंगते, तिला बाजूला जायला फारसं कारण नसतं, आणि लॉक फक्त राखण करतं. पिनला सतत एका बाजूला ढकललं जात असेल तर कुठलंही लॉक टिकणार नाही, कितीही चांगल्या कंपनीचं असलं तरी. ढकलणारा बहुतेक वेळा वाकलेला कनेक्टिंग रॉड असतो. रॉड झुकलेला असेल तर प्रत्येक फेरीला पिन तिरकी होऊन थोडीशी त्याच दिशेला सरकते आणि लॉकवर आपटते. रॉड कशानं वाकतो? जुना पिस्टन सीझ झाला (ब्लॉकमध्ये अडकून बसला) तेव्हा, कोणीतरी पिन हातोडीनं काढली तेव्हा, किंवा फ्लायव्हीलचा नट सोडण्यासाठी रॉडमध्ये लोखंडी दांडा अडकवला तेव्हा.

तपासणी घरच्या घरी होते. ब्लॉक काढा, पिस्टन रॉडवर तसाच ठेवा, रिंगा काढून टाका. चेंबरच्या सपाट तोंडावर, रॉडच्या दोन बाजूंना, अगदी सारख्या जाडीच्या दोन घासलेल्या पट्ट्या ठेवा. क्रँक हळू फिरवून पिस्टनचा स्कर्ट पट्ट्यांवर टेकू द्या. दोन्ही बाजू एकदमच टेकायला हव्यात. एक बाजू आधी टेकली आणि दुसऱ्या बाजूखाली ०.०५ मिमीची फिलर पट्टी जात असेल, तर रॉड झुकलेला आहे किंवा क्रँक सरळ नाही. चेंबरच्या तोंडावर जुन्या पॅकिंगचा कण राहिला तर ही चाचणी खोटं बोलते, म्हणून आधी तोंड साफ करा.

रॉड सरळ निघाला तर क्रँकचा बाजूचा खेळ पाहा. मुख्य बेअरिंग सैल झाल्यानं अख्खा क्रँक डावी-उजवीकडे सरकत असेल तर तोही पिन ओढतो. त्यानंतर नंबर खोबणीचा. पहिल्यांदा लॉक सुटलं तेव्हा पिस्टन बदललात, त्यामुळे तुमच्या बाबतीत खोबण नवी आहे. पण ज्यांनी जुनाच पिस्टन 'बरा दिसतोय' म्हणून परत घातला, त्यांच्या खोबणीची बाहेरची कड खाल्लेली असते. मऊ ॲल्युमिनियमची ती कड एकदा गोल झाली की नवं लॉक तिच्यावरून घसरतं. असा पिस्टन वापरायचा नाही. खोबण पुन्हा खोदून मोठं लॉक टाकून देणारे कारागीर आहेत, आमचा त्याला पाठिंबा नाही.

आणखी एक : ब्लॉकवरची रेघ कुठे आहे ती नीट पाहा. पिनच्या रेषेत, म्हणजे एक्झॉस्टपासून काटकोनात असेल तर दोष लॉक-पिनचा. रेघा एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला असतील, तर तो उष्णतेचा किंवा ऑइल कमी पडल्याचा सीझ आहे आणि लॉक नंतर सुटलेलं असू शकतं. तेव्हा इलाज कार्बुरेटर, हवेची गळती आणि ऑइलच्या प्रमाणाचा.

तुमच्या पत्रात चेंबर उघडल्याचा उल्लेख नाही. दोन स्ट्रोकमध्ये सुटलेल्या लॉकचे तुकडे आणि पिस्टनचा ॲल्युमिनियमचा चुरा खाली चेंबरमध्ये पडतो, तिथून ट्रान्सफर पोर्टनं वर जातो आणि पुन्हा खाली येतो. चेंबर न उघडता फक्त वरून बोअर-किट केलं, तर तो चुरा नव्या रिंगा आणि मोठ्या टोकाचं बेअरिंग खात बसतो. लॉक तुटलं असेल तर चेंबर फोडलंच पाहिजे. आणि आता किती ओव्हरसाइज झाला ते मोजा. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांनी बोअर वाढतो, खोल रेघ एका झटक्यात दोन पायऱ्या खाते. शेवटच्या पायरीनंतर नवा स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक.

प्रश्न : किटमध्ये शेपटीची लॉक आली, जुनी बिनशेपटीची होती. हार्डवेअरच्या दुकानात दोन भोकांची सपाट सर्क्लिपही मिळते, पकडीनं लगेच बसते. कुठलं घालू? (कोल्हापूर)

त्या पिस्टनच्या खोबणीसाठी जे बनवलंय ते. खोबणीचा आकार पाहा. गोल तारेच्या लॉकची खोबण तळाला गोल असते, सपाट सर्क्लिपची चौकोनी. एकाची दुसऱ्यात घालायची नाही.

दोन भोकांची सपाट सर्क्लिप यंत्रांत बेअरिंग अडवायला उत्तम आहे. पण भोकांसाठी ठेवलेले तिचे दोन कान जड असतात आणि वेगानं वर-खाली होणाऱ्या पिस्टनमध्ये तेच कान तिला आत ओढतात. मंद गतीच्या काही डिझेल इंजिनांत कंपनीनंच ती दिलेली असते, तिथे तीच घाला. वेगवान पेट्रोल इंजिनात हार्डवेअरच्या दुकानातून आणून नाही.

पिनचं टोकही पाहा, याकडे कोणाचंच लक्ष नसतं. गोल तारेच्या लॉकसाठी बनवलेल्या पिनच्या बाहेरच्या काठाला तिरका उतार असतो. पिन बाजूला सरकली की तो उतार तारेला बाहेर, खोबणीत दाबतो, म्हणजे जोर वाढला की पकडही वाढते. चौकोनी काठाची पिन घातली तर ती तारेला सरळ बाहेर ढकलते. लांबीनं जुळते म्हणून दुसऱ्या गाडीची पिन टाकणाऱ्यांचा घात इथेच होतो. लांबीचंही बघाच : दोन्ही लॉक बसल्यावर पिन बाजूला किंचित, बोटाला जाणवेल इतकीच हलली पाहिजे.

शेपटीचा उपयोग बसवताना-काढताना होतो. इंजिनाला तिचं फक्त वजन. रस्त्यावरच्या गाडीत शेपटी चालते, अट एवढीच की पिस्टनसोबत आलेलीच लॉक हवीत. रेसिंगसाठी इंजिन बनवणारे बिनशेपटीची घेतात. पण शेपूट स्वतः पकडीनं तोडू नका, तुटलेल्या टोकाची धारदार कड खोबण कोरते.

प्रश्न : मोटारीच्या पिस्टनला लॉकच दिसली नाहीत. कोणी काढून टाकली असतील का? (ठाणे)

नाही. मोटारींच्या अनेक इंजिनांत पिन रॉडच्या डोळ्यात घट्ट दाबून बसवलेली असते आणि पिस्टनमध्ये मोकळी फिरते. ती बाजूला सरकूच शकत नाही, म्हणून लॉक नसतं. पिस्टनच्या भोकात खोबणी नसतील तर निश्चिंत राहा.

प्रश्न : पाण्याच्या पंपाचं होंडा जीएक्स १६० इंजिन आहे. त्यातही हीच कसरत का? (नाशिक जिल्हा)

बरीच कमी. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला खाली सुटी टोपी असते. बाजूचं झाकण उघडून टोपीचे दोन बोल्ट सोडले की रॉड आणि पिस्टन वरून एकत्र बाहेर येतात. म्हणजे दोन्ही लॉक टेबलावर बसतात, चेंबरमध्ये पडायची भीतीच नाही. फक्त पिन घालण्याआधी पिस्टन आणि रॉडची दिशा जुळवून घ्या : पिस्टनच्या डोक्यावरची त्रिकोणी खूण पुश रॉडच्या बाजूला येते. लॉक बसल्यावर चूक लक्षात आली तर ती लॉक वाया गेली समजा. टोपीचे बोल्ट १२ न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानंच. रॉड ॲल्युमिनियमचा आहे, अंदाजानं आवळला तर आटे जातात.

३६०० फेऱ्यांवर या इंजिनाच्या लॉकला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ४०० पट असतो, आरएक्सच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. तोंडाच्या दिशेची चूक त्यामुळे इथे उशिरा अंगाशी येते. गव्हर्नरची (फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणून इंजिन पळवणाऱ्यांना ती लवकर भेटते.

प्रश्न : लॉक हातातून निसटून चेंबरमध्ये पडलं. चेंबर न फोडता काढता येईल का? (सिंधुदुर्ग)

बहुतेक वेळा येतं, जर तुम्ही अजून क्रँक फिरवला नसेल. किक, दोरी, फ्लायव्हील, कशालाही हात लावू नका. क्रँकच्या चाकात आणि चेंबरच्या भिंतीत अंतर फार थोडं असतं, त्यात तार सापडली की भिंतीला चर पडतो.

आधी आजूबाजूला शोधा. निम्म्या वेळी ते पडलेलंच नसतं, फरशीवर किंवा शर्टाच्या घडीत असतं. नसेल तर टॉर्च आणि लांब दांडीचा लोहचुंबक घ्या. लॉक स्प्रिंगच्या पोलादाचं असल्यानं चुंबकाला पटकन धरतं, पण चुंबक आधी क्रँकच्याच चाकाला चिकटतो. दांडीवर प्लॅस्टिकची बारीक नळी चढवून फक्त टोक उघडं ठेवलं तर हा त्रास कमी होतो. ब्रश कटरसारखं हलकं इंजिन असेल तर ते दांड्यापासून सोडून, तोंड खाली करून पांढऱ्या कापडावर हलवा. नाही पडलं तर चेंबरमध्ये थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतून, पुन्हा उलटं करून गाळणीतून काढा. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर.

चार स्ट्रोक मोटरसायकलमध्ये ते टायमिंग चेनच्या वाटेनं खाली गेलेलं असू शकतं. इंजिन ऑइल चुंबक धरलेल्या भांड्यात सोडा, त्यात नसेल तर क्लचच्या बाजूचं झाकण उघडून ऑइलची जाळी काढा आणि तिथेही चुंबक फिरवा.

एवढं करून सापडलं नाही, तर 'बाहेरच कुठेतरी उडालं असेल' म्हणून ब्लॉक चढवू नका. चेंबर फोडण्याची मजुरी नव्या क्रँकच्या किमतीपेक्षा कमीच पडते.